माहेरच्या दरीवरचा पूल

लुओ लानशिनच्या आईचं माहेर घरासमोरच होतं. अंगणाच्या कडेला उभं राहिलं की दिसायचं. सकाळी दरीतलं धुकं वर सरकून विरलं की पलीकडच्या लोंगताऊ गावातली घरं एकेक करून उघडी पडत, आणि डुकरांसाठी रताळ्याचा पाला चिरता चिरता आई म्हणे, "शिंगची चूल अजून पेटली नाही बघ. उन्हं डोक्यावर आली तरी लोळत असेल मेली."

शिंग म्हणजे आईची धाकटी बहीण. वय वर्षं एकाहत्तर.

नुसत्या नजरेने मोजलं तर दोन्ही गावांमधलं अंतर अर्धा कोस. पण मध्ये दरी होती, सहाशे मीटर खोल, तळाशी हिरव्या दोऱ्यासारखी नदी. पूर्वी तीन तास उतरून नावेने नदी ओलांडायची आणि चार तास चढायचं. नंतर गाडीरस्ता झाला, तो तालुक्याच्या गावाला वळसा घालून जाई. पाच तास, आणि इतकी वळणं की आईला दुसऱ्याच वळणावर ओकाऱ्या सुरू होत. गुडघे गेल्यावर पायवाट संपली, ओकाऱ्यांमुळे रस्ता संपला. अकरा वर्षांत आई माहेरी गेली नव्हती. फोनमध्ये तोंड दिसायला लागल्यापासून दोघी बहिणी रोज भांडत मात्र होत्या.

आईने एक गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. ती लानशिनला वडिलांकडून कळली, तेही ते गेले त्या वर्षी. लानशिन बारा दिवसांची होती तेव्हा पलीकडे तिची आजी वारली. निरोप घेऊन आलेला माणूस शेवटच्या नावेने आला, आणि मागोमाग नदी चढली. नाव बंद. आई बाळंतिणीच्या खोलीतून उठली, लानशिनला पोटाशी बांधलं आणि कड्यावर जाऊन उभी राहिली. समोरच्या उतारावर पांढऱ्या फडक्यांचे ठिपके वर वर सरकताना तिला दिसले. फटाक्यांचा धूर आधी दिसायचा, आवाज मागाहून यायचा, चार आकडे मोजेपर्यंत. आपल्या आईची माती तिने अशी दुरून पाहिली.

आठ वर्षांपूर्वी मक्याची कापणी उरकल्यावर ताओ नावाचा एक इंजिनियर त्यांच्या दापिंग गावात आला. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, डोक्यावर चेंडू खेळणारी मुलं घालतात तसली टोपी. त्याने लानशिनच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली आणि मोकळ्या झालेल्या मक्याच्या वावरात एक उंच लोखंडी खांब रोवला. खांबाच्या टोकाला वाट्या गरगरत असत.

"हे काय मोजतं?" आईने विचारलं.

"वारा, आजी."

"वारा मोजायचा पगार मिळतो तुला?"

"मिळतो."

"आणि घरचे काही बोलत नाहीत?"

ताओचं पोट नाजूक होतं. तिखट खाल्लं की रात्रभर कुशी बदलायचा. गुइझोऊसारख्या तिखटाच्या मुलखात येऊन तिखट न खाणारा माणूस आईने पहिल्यांदाच पाहिला. ती त्याच्यासाठी वेगळी पेज करू लागली, आणि पेज खाणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवायचा आपल्याला हक्क आहे असं तिने धरून टाकलं. महिन्याभराने एका दुपारी ती काठी टेकत वावरात गेली.

"ताओ, तू इथे बसून कसला वारा मोजतोस? हा गावातला वारा. दरीतला वारा तिकडे कड्यावर."

"वारा तोच असतो, आजी."

"तोच कसा असेल? चल."

लानशिन त्या दिवशी घरी होती, म्हणून तिला हे सगळं डोळ्यांनी बघायला मिळालं. आई त्याला घेऊन कड्याच्या त्या नाकाडापाशी गेली जिथे गावातल्या बायका कधीच धुणं वाळत घालत नसत. "टोपी टाक खाली," ती म्हणाली. ताओ हसला. मग त्याने टोपी दरीत टाकली. ती हातभर खाली गेली, थबकली, आणि पाखरासारखी वर उठून त्याच्या डोक्यावरून मागे, थेट मक्याच्या धसकटांत जाऊन पडली.

"दुपारी ऊन खाली पोचलं की वारा दरीतून वर येतो," आई म्हणाली. "आडवा नाही, उभा. इथे चादर वाळत घातली तर ती आभाळाकडे तोंड करते. मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी एक चादर गेली. सासूने वर्षभर ऐकवलं."

ताओ कड्यावरून खाली वाकून बघत राहिला. टोपी आणायलाही गेला नाही. दुसऱ्या दिवशी खांब उपटला आणि कड्याच्या नाकाडावर नेऊन बसवला. वाट्यांच्या जोडीला आणखी एक यंत्र लावलं, ते वर जाणारा वारा टिपायचं. तिथे तो दीड वर्ष वारा लिहीत बसला.

मग काम सुरू झालं. दोन्ही कड्यांवर मनोरे उभे राहू लागले. लानशिन पंधरा वर्षं मालवाहू ट्रक चालवत होती. नवरा दूर समुद्रकाठच्या निंगबो शहरात कारखान्यात, वर्षातून दोनदा घरी. इतके दिवस ती खडी कुठेही नेऊन टाकायची. आता ती एकाच ठिकाणी जाऊ लागली. खाणीतून मनोऱ्यापाशी, मनोऱ्यापासून खाणीत, तीन वर्षं. सुरुवातीला मनोरा ट्रकच्या टपाएवढा होता. मग मान वर करावी लागू लागली. मग मान दुखायला लागली तेव्हा तिने वर बघणं सोडून दिलं.

तिला सगळ्यात जास्त आठवतो तो दोरीचा दिवस. दरीवर वायर टाकायच्या, पण पहिली वायर पलीकडे न्यायची कशी, यावर गावात पैजा लागल्या होत्या. शेवटी एका सकाळी चार पंख्यांचं छोटंसं यंत्र उडालं, शेपटीला कपड्यांच्या दोरीएवढी बारीक दोरी. अख्खं गाव कड्यावर. पलीकडे लोंगताऊही जमलेलं, मुंग्यांसारखं. यंत्र गुणगुणत गेलं आणि दरी ओलांडून उतरलं. पलीकडचे लोक ओरडताना दिसले, आणि मग त्यांचा आवाज आला. त्या दोरीने जाड दोरी ओढली, जाड दोरीने पोलादाची, पोलादाच्या दोरीवर माणसांनी चालायची जाळी बांधली, आणि मग दोन वर्षं त्या जाळीवरून तारा ओढल्या जात राहिल्या. प्रत्येक तार बोरूएवढी. अशा वीस हजारांवर तारा एकत्र आवळल्या तेव्हा एक मुख्य दोर झाला, माणसाने मिठी मारली तर हात पुरू नयेत इतका जाड. त्याची टोकं दोन्हीकडे डोंगराच्या पोटात बोगदे खोदून आत जखडली.

"डोंगराचं नाक टोचून वेसण घातली," आई म्हणाली. तिला ते बरं दिसत नव्हतं. पण रोज संध्याकाळी ती अंगणात खुर्ची टाकून बघायची.

पूल पुरा होत आला तसं बहिणींचं भांडण नव्या मुद्द्यावर आलं.

"ताई, पूल झाला की तू ये," शिंग मावशी फोनमधून ओरडायची. तिला वाटायचं की फोनलाही दरीपलीकडे ओरडूनच ऐकू जातं.

"मी मोठी. तू ये."

"मोठी आहेस म्हणून माझ्याकडे यायला काय पाय झिजतात?"

"झिजलेलेच आहेत! गुडघ्यांचा फोटो पाठवू?"

"पूल तुमच्या बाजूने सुरू होतो."

"पूल दोन्ही बाजूंनी सुरू होतो, शिंग. तुला लहानपणापासून डोकं नाही."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लानशिनला बोलावणं आलं. पुलाची भार-चाचणी होती. चौऱ्याऐंशी ट्रक पाहिजे होते, प्रत्येकी बरोबर पस्तीस टन, आणि या घाटांत मुरलेले चालक. लानशिन चालकांच्या यादीत तिसरी होती. तिने जेवताना घरी सांगितलं. आईच्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या.

"पूल पडतो का ते बघायला तुला पाठवतात?"

"आई, पडणार नाही म्हणून तर पाठवतात."

"पडणार नाही, तर मग बघायचं काय?"

लानशिनने आईच्या वाटीत भाजी वाढली. खरं सांगायचं तर तीही धास्तावली होती. तीन वर्षं तिने त्या पुलासाठी खडी ओतली, पण ते दुसऱ्यांचं काम होतं, आपण फक्त माल पोचवला, असंच तिला वाटत आलं. आता त्यावर स्वतः जाऊन उभं राहायचं, एकटीने नाही, आणखी त्र्याऐंशी ट्रक घेऊन.

निघायच्या दिवशी पहाटे आई चुलीपाशी उभी होती. चुलीच्या वर नव्या वर्षापासून धुरात टांगलेला डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा तिने काढला, चांगला चार किलोंचा, कागदात गुंडाळला आणि ट्रकमध्ये ठेवला.

"ताओ तिथे असेल तर त्याला दे. मिरची लावलेली नाही म्हणावं."

"तो गेल्या वर्षी निवृत्त झाला म्हणतात."

"मग जो कोणी त्याच्या जागी असेल त्याला दे. कोणाला तरी दे. रिकाम्या हाताने जाऊ नकोस त्या पुलावर."

आकाश भरून आलेलं होतं आणि तसाच दिवस मुद्दाम निवडला होता. ऊन पडलं की पोलाद फुगतं, मग पूल भाराने वाकला की उन्हाने हलला ते कळत नाही. काट्यावर एकेक ट्रक उभा राही, फांग नावाची तरुण इंजिनियर यादी घेऊन वजन बघे, आणि जास्त असेल तर फावड्याने खडी काढत, कमी असेल तर घालत. लानशिनच्या ट्रकमध्ये डोकावून तिने हुंगून पाहिलं.

"हे काय?"

"आईने दिलंय. मांस. वजनात धरायचं का?"

"काट्याला वीस किलोच्या खाली काही कळत नाही, ताई. माझ्या नाकाला कळतंय."

तेवढ्यात फाटकापाशी काहीतरी गडबड झाली. पहारेकरी एका म्हाताऱ्या माणसाला आत सोडत नव्हता, कारण त्याच्याकडे ना ओळखपत्र ना शिरस्त्राण. त्या माणसाच्या डोक्यावर जुनाट टोपी होती. फांगने मान वळवून पाहिलं आणि यादी टाकून धावली. "सर! सर, कळवायचं तरी!"

ताओ रात्रभर आगगाडीने आला होता, स्वतःच्या पैशांनी. तो आणखी बारीक झाला होता. लानशिनला बघून तो पहिल्यांदा म्हणाला, "आजींचे गुडघे कसे आहेत?" आणि मग फांगकडे वळून म्हणाला, "मला ट्रकमध्ये बसायचं आहे. मधल्या ओळीत."

"सर, ट्रकमध्ये फक्त चालक. तुम्हीच लिहिलेला नियम आहे."

"मग मला भारात धर. बासष्ट किलो. लिहून घे."

फांगने आपल्या वरिष्ठांकडे पाहिलं. वरिष्ठ आकाशाकडे बघू लागले. ते या ताओच्या हाताखालीच शिकले होते. फांगने शिरस्त्राण आणून दिलं आणि खरंच बासष्ट असं लिहून घेतलं.

ट्रक टप्प्याटप्प्याने गेले. पहिली रांग जाऊन उभी राही, मोजमाप होई, मग दुसरी. लानशिनची रांग चौथी. दरीच्या बरोबर मधोमध, पिवळ्या रंगाने आखलेल्या चौकोनात तिने ट्रक उभा केला, इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला. मागून पुढून सगळी इंजिनं बंद झाली, आणि इतकी शांतता पसरली की तिला आपल्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. खिडकीबाहेर कठडा, कठड्यापलीकडे काहीच नाही. खूप खाली एक ढग चालला होता. दोरांमधून अगदी हलका गुणगुणाट येत होता.

"आता काय होणार?" तिने कुजबुजत विचारलं. कुजबुजायची गरज नव्हती.

"आता आपण खाली चाललोय."

लानशिनने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हळूहळू," ताओ म्हणाला. "शेवटची रांग आली की सगळे मिळून दोन मीटरच्या आसपास खाली जाऊ. आम्ही दोन मीटर दहा सेंटिमीटर मांडलंय. त्याहून कमी गेलं तर छान. जास्त गेलं तर माझी झोप गेली."

"मला तर काहीच कळत नाहीये."

"कळायलाच नको."

तिने बाजूला पाहिलं. ताओचा हात समोरच्या फळीवर सपाट ठेवलेला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"साहेब, तुम्ही घाबरलात?"

"तेरा पूल झाले. दर वेळी घाबरतो." तो थोडा हसला. "आकडे चुकत नाहीत हे मला माहीत आहे. पण आकडे मांडणारा मीच, आणि मी चुकतो."

फांगचा आवाज बिनतारी यंत्रातून येत होता. एक मीटर चाळीस. एक मीटर सत्तर. शेवटची रांग लागली. मग बराच वेळ काही नाही. लानशिनने हातब्रेक आणखी एकदा ओढून बघितला.

"एक मीटर शहाण्णव," फांग म्हणाली. "स्थिर."

ताओने टोपीवरचं शिरस्त्राण काढलं, मग टोपी काढली, आणि डोळे पुसायच्या निमित्ताने सगळा चेहरा पुसून घेतला.

आता तिथे अर्धा तास नुसतं बसून राहायचं होतं, पूल आणखी खाली सरकतो का ते बघायला. त्या अर्ध्या तासात लानशिनने त्याला आपल्या आजीच्या अंत्ययात्रेची गोष्ट सांगितली. ती कोणालाच सांगायची नव्हती, पण तिथे दरीच्या मधोमध, एका खिडकीतून आपलं घर आणि दुसऱ्या खिडकीतून तो उतार दिसत असताना तिला गप्प बसवेना. पांढरे ठिपके, आधी धूर, मग आवाज, आणि पोटाशी बांधलेली ती स्वतः.

ताओने मान वळवून त्या उताराकडे पाहिलं.

"दीड वर्ष त्यांच्या घरी राहिलो," तो म्हणाला. "पेज खाल्ली. हे कधी बोलल्या नाहीत."

"ती कोणाशीच बोलली नाही."

"लानशिन, तुम्हाला एक सांगतो. या सडकेच्या खाली, मधोमध, एक उभी पोलादी फळी आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालून येणारा वारा तिच्यावर फुटतो, नाहीतर सडक चादरीसारखी फडफडू लागली असती. पहिल्या नकाशात ती नव्हती. वावरातल्या आकड्यांवरून तिची गरजच दिसत नव्हती. कड्यावरचे आकडे आले आणि आम्ही नकाशा बदलला." तो थांबला. "आम्हालाही कधीतरी कळलंच असतं. आम्ही काही एवढे मूर्ख नाही. पण उशिरा कळलं असतं, आणि अशा कामात उशीर फार महाग पडतो."

लानशिनला काहीतरी बोलायचं होतं. आभार या शब्दाने काय होणार, असं तिला वाटलं. तिने सीटमागचा कागदाचा पुडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"मिरची नाहीये," ती म्हणाली.

त्याने वास घेतला. मग डोकं हलवून पुडा परत तिच्या हातात दिला. "एकट्याने घेता येणार नाही मला. तारा ओढणारी पोरं तीन हिवाळे त्या जाळीवर होती. बोगद्यात खोदणारे होते. तुम्ही खडी आणलीत. मी एकट्याने खाल्लं तर पोट बिघडेल."

ट्रक उलट्या क्रमाने उतरले, आणि जसजसा भार कमी झाला तसतसा पूल वर आला. संध्याकाळी फांग कागद फडकावत भोजनघरात शिरली: मूळ जागेपासून दोन सेंटिमीटरचा फरक, आणि तोही उद्यापर्यंत जाईल. लोकांनी ताटं वाजवली. आचारी सिचुआनचा होता. लानशिनने पुडा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हे सगळ्यांना पुरवा."

"सगळ्यांना? दोनशे माणसं आहेत, ताई!"

"पुरवा."

त्याने सुरीला धार लावली आणि मांस इतकं पातळ कापलं की तुकड्यातून दिवा दिसावा. लसणाच्या पातीवर परतून प्रत्येकाच्या भातावर एकेक तुकडा ठेवला. फांगने, दोरवाल्या पोरांनी, काट्यावरच्या फावडेवाल्यांनी, आकाशाकडे बघणाऱ्या वरिष्ठांनी, सगळ्यांनी खाल्लं. फाटकावरचा पहारेकरी उशिरा आला. त्याच्यासाठी ताओने आपल्यातला अर्धा ठेवला होता. एक दोरवाला पोरगा बोटं चाटत म्हणाला, "आजींना सांगा, फार छान. पण मीठ किंचित जास्त."

लानशिनने हे घरी जसंच्या तसं सांगितलं.

"मीठ जास्त?" आई म्हणाली. "त्याची जीभ हवेत राहून राहून वाळली असेल." पण मग तिने दोनदा विचारलं, खरंच सगळ्यांना एकेक मिळाला का, आणि फळीची गोष्ट लानशिनकडून तीनदा सांगून घेतली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ती चादर वाया गेली नाही म्हणायची," आणि उठून डुकरांकडे गेली.

गाड्या सुरू होण्याआधी तीन दिवस पूल दोन्हीकडच्या गावकऱ्यांना पायी जाण्यासाठी खुला ठेवला. थडग्यांवर रंगीत भात वाहायचा सण चार-पाच दिवसांवर आला होता. बहिणींपैकी कोणी कोणाकडे आधी जायचं हे मिटलेलं नव्हतंच. शेवटी लानशिननेच तोडगा काढला: पुलाच्या मधोमध भेटा, कोणाचाच मान जाणार नाही. दोघींनी तक्रार करत करत मान्य केलं.

आईने गडद निळ्या रंगाचं, मेणाने छापलेल्या काठाचं जाकीट काढलं. आदल्या दिवशी तिने पानाफुलांत तांदूळ भिजवून पाच रंगांचा चिकट भात शिजवला होता. लानशिनने दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली. आईने खुर्चीकडे पाहिलं, तिच्यात भाताची टोपली ठेवली आणि काठी घेऊन चालायला लागली.

"आई, चौदाशे मीटर आहे!"

"मला दिसतंय. एकोणपन्नास वर्षं दिसतंय."

ती हळू चालत होती. दर पन्नास पावलांवर थांबून कठड्याला हात लावी. कठड्यावर वाऱ्याने हात गार पडे. आजूबाजूला दोन्ही गावांचे लोक, कोणी फोटो काढतोय, कोणी खाली बघून बायकोचा हात धरतोय. आईने खाली एकदाही बघितलं नाही. तिची नजर समोरच्या उतारावर होती.

मधोमध शिंग मावशी उभी होती, लाल छत्री घेऊन, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून. लांबूनच तिने हात वर केला. "ताई!"

आई जवळ आली. तिने बहिणीकडे पाहिलं, तिच्या गालावरून एकदा हात फिरवला. "म्हातारी झालीस," म्हणाली, आणि थांबली नाही. चालतच राहिली.

"अगं! इथे भेटायचं ठरलं होतं ना? ताई!"

"भेटले ना. चल. आईकडे जायचंय."

शिंग मावशी छत्री मिटून मागे धावली. लानशिन खुर्ची ढकलत तिच्या मागे.

थडगं लोंगताऊच्या वरच्या उतारावर होतं, चहाच्या झुडपांमध्ये. तिथवर चढायला आईला दोघींनी दोन्हीकडून धरावं लागलं. मावशीने गवत काढून ठेवलं होतं. आईने भाताचे पाच मुटके मांडले, पिवळा मधोमध, उदबत्त्या लावल्या, आणि हळूच जमिनीवर बसली. तिचे गुडघे वाजले ते लानशिनला ऐकू आलं.

"आई," ती दगडाला म्हणाली, "उशीर झाला." तिने कलंडलेली एक उदबत्ती सरळ केली. मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "ही लान, तुझी नात. त्या दिवशी कड्यावर होती ती. ट्रक चालवते. आणि ऐक, ताओ नावाचा एक माणूस आहे. हे त्याच्यामुळे झालं, त्याच्यामुळे आणि आणखी दोनशे जणांमुळे, सगळ्यांची नावं मला माहीत नाहीत. त्याचं पोट नाजूक आहे. लक्ष ठेव त्याच्यावर."

लानशिनने मान फिरवली. तिथून पूल पूर्ण दिसत होता, दोन्ही मनोरे, आणि मनोऱ्यांवरून ओघळत आलेले दोर. पलीकडे तिचं स्वतःचं घर, अंगण, अंगणातली आईची खुर्ची. ते या बाजूने पाहिल्याचं तिला आठवतच नव्हतं. आजोळी ती पाच वर्षांची असताना शेवटची आली होती. त्या ठिपक्याएवढ्या खुर्चीवर आई असती, तर कोण बसलंय ते इथून कळलं नसतं. फक्त कोणीतरी बसलंय एवढंच. कोणाला, कुठल्या दिशेने हात जोडायचे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने आजीच्या थडग्यापुढे जोडले आणि त्यातच सगळ्यांना धरलं.

मावशीच्या घरी आल्यावर तिने चहा केला, तांदळाची दारू काढली, शेजारणींना हाका मारल्या. आईच्या बालपणाची एक मैत्रीण काठी टेकत आली, आणि दोघींनी कोणाला ऐकू येत नाही यावरून वाद घातला. चार वाजले तशी आई उठली.

"कुठे निघालीस?" मावशी दारात आडवी आली. "अकरा वर्षांनी आलीस. चार दिवस राहा. अंथरूण टाकलंय मी."

"डुकरं उपाशी आहेत."

"लानला पाठव!"

"लानच्या हातचं ती खात नाहीत." आईने जाकिटाची गुंडी लावली. "उद्या येते."

मावशीचा दारावरचा हात खाली आला. लानशिनने तिच्याकडे पाहिलं. त्या घरातून दरीपलीकडे निघताना आजवर कोणीही हे म्हटलं नव्हतं.

"उद्या?"

"हो, उद्या. जेवायला. आंबट मासा कर."

"मासा आणायला मला बाजारात जावं लागेल," मावशी म्हणाली. तिने खुंटीवरची पिशवी काढलीही.

"मग जा," आई म्हणाली. "आणि मिरची जपून घाल. तुझा हात सुटतो."